बिनमिलावटीच्या दहा पट्ट्या

१

तुळशीराम मेश्राम गोंदियाहून रायपूरला आले ते रेल्वेचे गँगमन म्हणून. रुळावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून भेग ओळखणारा त्यांच्या तोडीचा माणूस त्या विभागात नव्हता. त्यांची सून शेवंता मालधक्क्यावर कोळसा वाहून चार लेकरे शिकवणारी आणि बुद्धविहारात खणखणीत आवाजात वंदना सांगणारी. शेवंताचा मुलगा सुगत वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात चाके तपासत निवृत्त झाला. या तिघांच्या वंशातली ही साक्षी, सुगतची मुलगी. मोडलेल्या वस्तूला ती का मोडली हे विचारणे हा या घराण्याचा स्वभाव होता. साक्षीने त्याला धातुशास्त्राच्या पदवीची जोड दिली. आसपास कुठल्या कारखान्यात क्रेनचा हुक तुटला की साक्षी मेश्राम यांना बोलावणे जात असे.

या घरावर एकच ऋण होते, आणि ते पैशांचे नव्हते. १९७९ साली ढकलगाडीचा दांडा निसटून शेवंताच्या तोंडावर बसला आणि वरचे सगळे दात गेले. वंदना सांगणारी बाई तोंडावर पदर धरून मुकी झाली. तेव्हा गोल बाजारातल्या हरिदास उमाठे नावाच्या तरुण कारागिराने रोज संध्याकाळी बसवून, घासून, पुन्हा बसवून तिला दातांचा संच करून दिला आणि मोबदला घेतला नाही. "तुमची वाचा आली न वापस? मग माह्यासाठी कधी बोलाची वेळ आली तं बोलजा," एवढेच तो म्हणाला. शेवंता पुढे सव्वीस वर्षे बोलली. पण हरिदाससाठी बोलण्याची वेळ आली नाही. जाताना तिने ते सुगतवर सोपवले, सुगतने साक्षीवर.

सव्वीस सप्टेंबरच्या शुक्रवारी साक्षीला एका खासगी दंत महाविद्यालयातून बोलावणे आले. विभागप्रमुख डॉ. शर्मिष्ठा देव यांच्या टेबलावर पाच तबके होती. प्रत्येक तबकात हिरड्यांच्या रंगाच्या, बोटाएवढ्या दहा पट्ट्या, मधोमध मोडलेल्या.

"पन्नास पट्ट्या आणि एक लबाड माणूस," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "पट्ट्या या आहेत. माणूस तुम्ही शोधायचा."

प्रकरण असे होते. म्हाताऱ्यांच्या कवळीखाली बुरशी वाढते, टाळू लाल होते, घास गिळवत नाही. डॉ. निरंजन काळमेघ यांनी कवळीच्या गुलाबी रेझिनमध्येच क्लोरहेक्सिडीनची जंतुनाशक भुकटी मिसळायचे ठरवले. भुकटीने बुरशी मरते हे दिसले होते. प्रश्न उरला तो ताकदीचा. म्हणून हरिदास उमाठ्यांकडून पट्ट्या करून घेतल्या: दहा बिनभुकटीच्या, बाकीच्यांत अर्धा, एक, दोन आणि पाच टक्के भुकटी. सिलतऱ्याच्या एका लोखंड कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या यंत्राखाली वाकवून मोडल्या.

शर्मिष्ठाबाईंनी कागद पुढे सरकवला. अर्धा टक्का, ताकद एकोणऐंशी. एक टक्का, पंचाहत्तर. दोन टक्के, अडुसष्ट. पाच टक्के, छप्पन. आणि बिनभुकटीची शुद्ध पट्टी, एकोणपन्नास.

"पासष्टच्या खालचा माल तोंडात घालण्याच्या लायकीचा नाही, असा नियम आहे. शुद्ध रेझिन कुठेही ऐंशीच्या वर जाते. इथे ते सर्वांत दुबळे निघाले. निरंजनने लिहून टाकले की भुकटीने ताकद वाढते. ऑक्टोबरमध्ये चाळीस म्हाताऱ्यांना दोन टक्क्यांच्या कवळ्या द्यायच्या आहेत. बाहेरच्या परीक्षकांचे एका ओळीचे उत्तर आले: ही लबाडी आहे, कोणाची ते कळवा."

"तुमचा संशय?"

"हरिदास. निरंजननेच नाव सुचवले. शुद्ध पट्ट्यांत हलका माल घातला, चांगला स्वतःला ठेवला. सोमवारी समिती बसेल. शहरातल्या प्रत्येक दंतवैद्याला पत्र जाईल. त्यानंतर त्याला कोणी साधी कवळीसुद्धा करायला देणार नाही."

साक्षीने कागद परत सरकवला.

"डॉक्टर, हे लिहून ठेवा. या माणसाचे माझ्या घरावर ऋण आहे. तो निर्दोष निघावा असे मला वाटते."

शर्मिष्ठाबाईंनी चष्मा काढला. "मग तुम्ही हे काम करू नये."

"म्हणूनच दुप्पट कडक करीन. तो दोषी निघाला, तर तसे सांगणारी पहिली मीच असेन."

तिने भिंग काढले आणि शुद्ध पट्टीचा एक तुकडा उचलला. मोडलेली आतली बाजू काचेसारखी घट्ट होती. एकही बुडबुडा नव्हता. वरच्या पृष्ठभागावर मात्र केसाहून बारीक लाल रेषांचे जाळे पसरलेले होते.

२

"त्या रेषा? ते धागे आहेत, मॅडम." डॉ. निरंजन चाळिशीतले, नीटनेटके गृहस्थ होते. पण पेनाचे टोपण उघडझाप करणे त्यांना थांबवता येत नव्हते. "कवळीच्या मालात लाल धागे घालतात. हिरडीतल्या रक्तवाहिन्यांसारखे दिसावेत म्हणून. नॉर्मल आहे."

साक्षीने मान हलवली आणि चार तबके ओळीने मांडली.

"एकोणऐंशी, पंचाहत्तर, अडुसष्ट, छप्पन. ही उतरती पायरी आहे, डॉक्टर. भुकटी वाढली की ताकद उतरते. या चार आकड्यांत मला खोट दिसत नाही. पायरीवरून पाहिले तर वरची गच्ची ऐंशीच्या पुढे हवी. तुमची गच्ची तळघरात आहे."

"म्हणजे मी आकडे बदलले?"

"बदलले का?"

"नाही!" टोपण टेबलाखाली घरंगळले. "अहो, बदलायचेच असते तर पाच टक्के सुधारले असते ना. शुद्ध पट्टी पाडून मला काय मिळणार? हसू झालं माझं."

"भुकटीने ताकद वाढते, हे वाक्य मिळाले."

निरंजनांचा चेहरा उतरला. "ते मी घाईत लिहिलं. मला ते हवंच होतं, म्हणा ना. पण चाळीस जणांत पहिलं नाव माझ्या आईचं आहे. मंदाकिनी काळमेघ. सहा महिन्यांपासून टाळू सोललेली आहे तिची. मी आईच्या तोंडात खोटं घालीन का?"

"पट्ट्या सिलतऱ्याला कोणी नेल्या?"

"मी स्वतः. सोळा तारखेला. पाच बरण्या, पाण्यात बुडवून. तिथला ऑपरेटर विकी साहू लोखंडवाला माणूस, म्हणून हिंदीत चिठ्ठ्या लावल्या: आधा, एक, दो, पाँच. आणि पहिल्या बरणीवर 'बिना मिलावट'. पाण्यातच ठेवा, असंही लिहून दिलं."

"दोन टक्क्यांच्या दहापैकी किती पट्ट्या पासष्टच्या खाली गेल्या?"

निरंजनांनी कागद पाहिला. बोटाने एकेक आकडा मोजला.

"तीन," ते म्हणाले.

"दहात तीन. चाळिसांत किती होतात ते तुम्ही काढा. आईच्या नावापासून सुरुवात करा."

३

सिलतऱ्याच्या रस्त्यावर झाडांची पानेसुद्धा काळसर असतात. शनिवारी सकाळी साक्षी प्रयोगशाळेत पोहोचली तेव्हा विकी साहू यंत्र पुसत होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, यंत्राशी घरच्या माणसासारखा वागणारा. विश्वकर्मा पूजेचा झेंडू खांबाला लटकून वाळला होता. मागच्या भिंतीवर शेंदराचा तेलकट स्वस्तिक होता. बाजूला लोखंडी नमुन्यांची रांग, एकेक आरशासारखा स्वच्छ; शेजारी फडके आणि थिनरचा डबा.

"हव मैडम, मैंने ही तोड़े। अठारह तारीख को, एक से पचास तक, लाइन से। पहले बिना मिलावट, फिर आधा, फिर एक।"

"पाण्यात ठेवल्या होत्या?"

"पानी में ही थे। डॉक्टर साहब लिखके दिए थे।"

"यंत्र तपासलेले आहे?"

विकीने छाती पुढे काढून भिंतीवरचे प्रमाणपत्र दाखवले. प्रमाणपत्र खरे होते. साक्षीने स्वतः वजन लावून पाहिले. आकडा तंतोतंत आला.

"मैडम, बुढ़ऊ लोग के दाँत में इतना क्या झगड़ा है? हमारे यहाँ तो इस पर लोहे का गाटर टूटता है। उस दिन सब हँस रहे थे, विकी अब दाँत का डॉक्टर बनेगा।"

"तुम्ही हसलात?"

"नहीं मैडम।" तो एकदम गंभीर झाला. "मशीन पर जो चढ़ा, वो सैंपल है। सैंपल की इज्जत करनी पड़ती है।"

यंत्र खरे, माणूस सरळ, पाणी दिलेले. लबाडीला इथे जागा दिसत नव्हती. उरला एकच माणूस. परतीच्या वाटेवर साक्षीला पहिल्यांदा भीती वाटली. आजीचा बोल फेडण्याऐवजी आपणच हरिदासांविरुद्ध साक्ष देणार की काय?

४

गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या टोकाला हरिदास उमाठ्यांची खोली होती. सत्तरीला टेकलेले हरिदास खिडकीशी बसून मेणात दात बसवीत होते. दात बसत होता. पण त्याआधी बोटे दोनतीनदा थरथरत होती.

साक्षीने नाव सांगितले नाही. कॉलेजकडून आले, एवढेच म्हणाली.

"बसा, बाई. सोमवारी माह्यं पत्र निघते म्हणे."

"काका, शुद्ध पट्ट्यांत काय घातलंत?"

"माल घातला. डॉक्टरनं देल्ला तोच."

"मग त्या एवढ्या कच्च्या काहून निघाल्या?"

हरिदासांनी मेणाची सुरी खाली ठेवली. साक्षी रागाची वाट पाहत होती. तो आला नाही.

"मले मालूम नाही. चोरी म्हणान तं तोंडावर सांगतो, केली नाही. पण चूक?" त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. "हे पाहा. दोन सालापासून कापून राह्यले. साचा शिजवताना पाणी लवकर उकळलं असन. मालाच्या पावडर-लिक्विडचं माप हुकलं असन. तीन राती मी हेच आठवून राह्यलो. चुकलो नसन, असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत."

साक्षीला गुन्हेगारांचे नकार ठाऊक होते. स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडालेला माणूस तिने प्रथमच पाहिला. पत्र निघो वा न निघो, हा मनुष्य सोमवारनंतर सुरी उचलणार नव्हता.

"पाणी लवकर उकळलं असतं तर आत बुडबुडे दिसले असते ना?"

"दिसतातच. भाकरीवानी."

"मी आत पाहिलं, काका. एकही नाही. खराबी फक्त वरच्या कातडीला आहे. त्या लाल धाग्यांच्या जवळ."

"कोणते धागे?"

"डॉक्टर म्हणाले, कवळीच्या मालात असतात ते. रक्तवाहिन्यांसारखे."

हरिदास तिच्याकडे टक लावून पाहू लागले.

"बाई, पट्ट्यांत धागे नाहीत. धाग्यानं ताकद बदलते म्हणून डॉक्टरनं कंपनीतून बिनधाग्याचा माल मांगवला होता. कवळीवाल्याच्या सवयीनं बोलून गेला असन तो." त्यांनी फळीवरून पाण्याने भरलेले पाच पेले उतरवले. प्रत्येकात दोन गुलाबी पट्ट्या होत्या. "दहा मांगितल्या की मी बारा करतो. दोन माह्याजवळ राह्यतात, उद्या कोनी इचारलं तं. एकाच साच्यातल्या, एकाच उकळीतल्या. पाहा बरं कुठी लाल दिसते."

साक्षीने भिंग लावले. पट्टीच्या कडेला साच्याचा एक बारीक ओरखडा होता, मोडलेल्या पट्ट्यांवर होता अगदी तसाच. लाल मात्र कुठेही नव्हते.

मग सिलतऱ्याहून आलेल्या पट्ट्यांत तो लाल रंग शिरला कुठून?

आणि तिला वाळलेला झेंडू आठवला.

५

रविवारी सकाळी तिने शुद्ध पट्ट्यांचा पेला विकीच्या यंत्राशेजारी ठेवला.

"विकी, सोळाला पट्ट्या आल्या. अठराला मोडल्या. सतराला काय होतं?"

"विश्वकर्मा पूजा। उस दिन मशीन बंद रहती है, मैडम। हाथ नहीं लगाते।"

"मशीनसमोर थाळी मांडता?"

"हव। नारियल, फूल। और अगले दिन जिस सैंपल से मुहूर्त करना है, वो भी। टीका लगाके।"

"या वर्षी थाळीत काय ठेवलं?"

विकी अभिमानाने हसला. "वही दाँत वाला। बिना मिलावट, पूरे दस। पूजा में मिलावट वाली चीज थोड़ी रखते हैं! डॉक्टर साहब का इतना बड़ा काम था, तो मैंने कहा, भगवान का हाथ पहले इसी पर लगे।"

"पाण्यातून काढून?"

"बस एक रात। फिर वापस पानी में…" त्याचा आवाज मंदावला.

"वापस पाण्यात टाकण्याआधी काय केलं? शेंदूर तेलातला होता."

"निकल नहीं रहा था, मैडम। मशीन का रोलर खराब हो जाता। तो जैसे लोहे का करते हैं…" त्याची नजर थिनरच्या डब्याकडे गेली. "पाँच मिनट डुबो दिया। फिर पोंछ दिया। एकदम साफ।"

"लोखंडाला थिनरने काही होत नाही. पण हे रेझिन आहे. थिनर त्याच्या कातडीत शिरतो, कातडी फुगते, सुकताना बारीक तडे जातात, आणि वाकवले की तिथूनच मोडते. तुमचा शेंदूर अजून त्या तड्यांत बसलेला आहे."

विकी स्टुलावर बसला. "मैडम, मैंने तो उसको इज्जत दी थी।"

"तेच तर. दुसऱ्या चार बरण्यांना दिली नाहीत, म्हणून त्या वाचल्या. उठा. माझे म्हणणे हा अजून अंदाज आहे. यंत्राला विचारू."

पहिली पट्टी पेल्यातून सरळ यंत्रावर गेली. दुसरीला विकीने थाळीतला शेंदूर फासला, रात्रभर ठेवण्याऐवजी दोन तास ठेवले, थिनरमध्ये पाच मिनिटे बुडवले, पुसले, पाण्यात घातले. तोवर यंत्राचा दांडा हळूहळू खाली येऊ लागला. पहिली पट्टी वाकली, आणखी वाकली. पन्नास. साठ. पासष्ट. सत्तर. आणि मग कडाड आवाज झाला.

त्र्याऐंशी.

दुसरी पट्टी संध्याकाळी चढवली. ती चाळिसापासूनच कुरकुरू लागली.

बावन्न.

"मेरी नौकरी जाएगी, मैडम?"

"उद्या समितीसमोर हे सगळं स्वतः सांगितलंत, तर मी जाऊ देणार नाही."

६

सोमवारी समिती बसली. पाच सदस्य, एका कोपऱ्यात निरंजन, दाराशी हरिदास, टोपी हातात घेऊन. विकी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

साक्षी उभी राहिली. "मी हरिदास उमाठे यांच्या बाजूने बोलणार आहे. त्यांचे माझ्या घरावर ऋण आहे, हे शर्मिष्ठाबाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितले. म्हणून माझ्या शब्दावर विसंबू नका. भिंग घ्या आणि पाहा."

भिंग हातोहात फिरले. विकीने आपली कहाणी हिंदीत, एकही शब्द न लपवता सांगितली. थाळीचा उल्लेख आला तेव्हा एक सदस्य हसले. शर्मिष्ठाबाईंनी पाहताच गप्प झाले.

"दोनच जादा पट्ट्यांवर निकाल?" दुसऱ्या सदस्यांनी विचारले.

"निकालासाठी दहा शुद्ध पट्ट्या पुन्हा करून मोडा, तसे मीही लिहून दिले आहे. पण दोष कोणाचा, हे या तबकातच लिहिलेले आहे. हलका माल असता किंवा उकळी चुकली असती, तर खोट आतपर्यंत दिसली असती. आत एक बुडबुडाही नाही. खोट फक्त कातडीत आहे, आणि त्या खोटीत शेंदूर आहे. शेंदूर हरिदासांच्या खोलीत नाही, डॉक्टरांच्या बरणीत नव्हता. तो थाळीत होता. इथे लबाड कोणीच नाही. एका कामाची चांगली सवय दुसऱ्या कामाला लागली."

निरंजन आपणहून उठले. "भुकटीने ताकद वाढते हे माझं वाक्य मी मागे घेतो. ती कमी होते. दोन टक्क्यांच्या कवळ्या कोणालाही मिळणार नाहीत. अर्ध्या टक्क्यावर बुरशी मरते का, ते आता बघीन. तोवर सगळ्यांना साध्याच कवळ्या. आईलासुद्धा." ते दाराकडे वळले. "काका, मी तुमचं नाव पुढे केलं. मला लाज वाटते."

हरिदासांनी ते ऐकले की नाही कोण जाणे. ते भिंगातून आपल्याच पट्टीची मोडलेली, काचेसारखी आतली बाजू पाहत होते.

"माप बराबर होतं," ते स्वतःशीच म्हणाले. "उकळी बराबर होती."

शर्मिष्ठाबाईंनी तिथल्या तिथे निर्दोषत्वाचे पत्र लिहिले. शिपायाला हाक मारणार, तोच साक्षीने हात वर केला.

"चोर हा शब्द तुमच्या तोंडून बाजारात गेला, डॉक्टर. पत्र शिपायाने नेऊन तो परत येणार नाही."

शर्मिष्ठाबाई उठल्या आणि त्यांनी पर्स घेतली. भर दुपारी, भांड्यांच्या दुकानदारांच्या देखत, त्या हरिदासांच्या खोलीचा तो अरुंद जिना चढून गेल्या आणि वर उभ्या राहून त्यांनी ते पत्र मोठ्याने वाचले. पायऱ्यांवर गर्दी जमली होती. हरिदास उमाठे निर्दोष आहेत, हे शेवटचे वाक्य त्यांनी कोणी न सांगता दोनदा वाचले.

सगळे उतरून गेल्यावर साक्षी मागे राहिली. तिने पिशवीतून पितळेची एक डबी काढून बाकावर ठेवली. हरिदासांनी झाकण उघडले. आत वरच्या दातांचा जुना संच होता. त्यांनी तो उचलला, अंगठा टाळूवरून मागच्या कडेपर्यंत फिरवला आणि तिथे थांबवला.

"हे माह्या हातचं आहे. या बाईची टाळू डावीकडून उंच होती. कवळी किती दिवस बसत नव्हती…" त्यांनी वर पाहिले. "शेवंताबाई. मालधक्क्यावरच्या. तुमी कोन त्यायच्या?"

"नात. सुगत मेश्रामांची मुलगी."

"पहिल्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला चुकीबद्दल खरं बोलला नसता."

हरिदासांनी हसत डोळे पुसले. "मी म्हणलो होतो त्यायले, माह्यासाठी कधी बोलजा. मी तं इसरलो होतो, पोरी."

"आजी विसरली नव्हती. बाबा विसरले नाहीत."

"आज बोलली म्हणाची तुही आजी. आन् खालच्या बजारालेही आयकू गेलं." त्यांनी संच खिडकीच्या उजेडात धरला. शेहेचाळीस वर्षे झाली होती. कुठे तडा नव्हता. "फिटलं. पुरं फिटलं. आता तुमच्या घराकडं माह्यं काई राह्यलं नाही." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पन कोरडा काहून ठेवला? दात पाण्यात ठेवाले पाह्यजे, येवढंही नाही समजत?"

त्यांनी पेल्यात पाणी ओतले, शेवंताचे दात त्यात सोडले आणि पेला साक्षीच्या हातात दिला.

"जाय आता. डॉक्टरच्या मायचा सेट उकळाले टाकाचा आहे. मंदाकिनीबाईचा. साधा, बिनभुकटीचा. टाइमावर ध्यान द्या लागते."

त्यांनी सुरी उचलली. हात थरथरत होते. दात मात्र पहिल्याच वेळी जागेवर बसला.